चार राखणदार



मागल्या खेपेला आपण डोळ्यांविषयी बोललो. आज कान, नाक आणि जीभ यांच्याविषयी बोलू. आम्ही काही डॉक्टर नाही. पण डॉक्टरांना विचारून, पुस्तके वाचून आणि गावोगाव पाहून जे कळले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक हकिगत ऐका. एका गावी आमचा प्रौढांचा वर्ग चालत असे. वर्गाला एक आजी येत. सोबत त्यांचा नातू असे. वय असेल आठ-नऊ वर्षांचे. आजी रोज एकच तक्रार करीत. "लई हट्टी पोरगं हाय. हाका मारून माझा घसा बसतो, पण ह्यो मागं वळून बघत नाही." शाळेतही तेच. गुरुजी म्हणत, पोराचे लक्ष नाही. मग पाठीत धपाटा मिळे. पोर मुकाट बसे.

एके दिवशी आमच्यापैकी एकजण त्याच्या मागे उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "गूळ पायजे का रे?" पोर हलले नाही. मग समोर येऊन तेच विचारले. पोराने लगेच हात पुढे केला! तो ओठांकडे पाहून बोलणे ओळखत होता. जवळून पाहिले, तर त्याच्या दोन्ही कानांतून पू येत होता. आजी म्हणाल्या, "ते तर दोन वर्षांपासून हाय. सर्दी झाली की वाहतं. मी कोमट तेल घालते की!"

पोर हट्टी नव्हते. ढही नव्हते. त्याला ऐकू येत नव्हते.

पुढे काय झाले ते शेवटी सांगू. आधी कान म्हणजे काय ते पाहू.

पहिला राखणदार : ऐकणे

आपल्याला कान म्हणून जो दिसतो, तो नुसता दरवाजा आहे. खरा कान डोक्याच्या हाडात दडलेला असतो.

आवाज म्हणजे हवेचा थरकाप. विहिरीत खडा टाकला की पाण्यावर लाटा उठतात. तशाच लाटा हवेत उठतात. त्या कानाच्या बोळात शिरतात. हा बोळ जेमतेम एक इंच लांब असतो. त्याच्या टोकाला एक पातळ पडदा ताणून बसवलेला असतो. डफावर कातडे ताणतात ना, तसा. पण हा पडदा कागदासारखा पातळ आणि करंगळीच्या नखाएवढा. आवाज आला की तो थरथरतो.

पडद्याच्या आत तीन चिमुकली हाडे असतात. त्यांची नावे त्यांच्या आकारावरून पडली आहेत. एक हातोडा, दुसरी ऐरण आणि तिसरी रिकीब. आपल्या सबंध देहात सर्वांत लहान हाड कोणते? तर ही रिकीब. तांदळाच्या दाण्याहूनही लहान! पडदा हातोड्याला हलवतो. हातोडा ऐरणीला हलवतो. ऐरण रिकिबीला हलवते. रिकीब पुढच्या दारावर धक्का देते.

त्या दाराच्या आत एक शंख आहे. गोगलगाईच्या शंखासारखा, अडीच वेटोळ्यांचा. त्यात पाणी भरलेले असते. या पाण्यात लाट उठली की आतले बारीक केस डोलतात. वाऱ्याने गव्हाचे पीक डोलते, तसे. हे केस ज्या पेशींना असतात, त्या एकेका कानात सुमारे 15 हजार असतात. शंखाच्या तोंडाजवळच्या पेशी बारीक, चिरका आवाज टिपतात. आतल्या टोकाच्या पेशी ढोलासारखा जाड आवाज टिपतात. तिथून निरोप निघतो तो थेट मेंदूकडे. मेंदू ओळखतो, "ही आपल्या खिलारीची घुंगरं!"

देवाने कान दोन का दिले? एक प्रयोग करा. डोळे मिटा. दुसऱ्या कोणाला बाजूला उभे राहून बांगड्या वाजवायला सांगा. आवाज कुठून आला, ते बोटाने दाखवा. बरोबर येईल. आता एक कान गच्च दाबा आणि पुन्हा दाखवा. चुकाल! आवाज जवळच्या कानाला आधी पोचतो, लांबच्याला किंचित उशिरा. हा उशीर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. पण मेंदूला तेवढा पुरतो. मागून येणारी गाडी कोणत्या अंगाने येते, ते त्यावरून कळते.

आता मुद्द्याची गोष्ट. गारपिटीत पीक आडवे पडते. पुढल्या साली आपण पुन्हा पेरतो. पण शंखातल्या या केसाळ पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या कानात त्या मेल्या तर नव्या उगवतात. माणसाच्या नाही. जन्माला येताना मिळाल्या, तेवढ्याच जन्मभर.

आणि त्यांना मारतो कोण? मोठा आवाज. धान्याला पायली, तसे आवाजाला डेसिबल हे माप आहे. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसला, तर कानाला धोका सुरू होतो. 100 डेसिबल असेल, तर पाव तासही पुष्कळ झाला. आपल्याजवळ मोजायचे यंत्र नसते. मग कसे ओळखावे? हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, तर समजावे की हा आवाज कान खातो आहे. मळणी यंत्रावर दिवसभर उभे राहणाऱ्याने कानात चांगली बुचे घालावीत. नुसता कापूस पुरत नाही.

आणि मिरवणुकीतल्या त्या भिंतीएवढ्या डीजेचे काय? छाती धडधडते, घरावरचे पत्रे वाजतात. तिथे आपण तान्ह्या पोराला खांद्यावर घेऊन नाचतो! घरी आल्यावर कानात सूं सूं आवाज होतो. तो कानाचा ओरडा आहे, बरं का. सण जरूर करावा. पण लेकरांना त्या भिंतीपासून लांब ठेवावे. 2000 सालच्या सरकारी नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात उघड्यावर भोंगे लावायला मनाई आहे. काही ठरावीक सणांच्या दिवशी तेवढी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते.

कानाच्या मळाविषयीही सांगितले पाहिजे. मळ ही घाण नव्हे. तो धूळ आणि किडे अडवतो. आपण जेवताना, बोलताना जबडा हलतो, आणि जुना मळ आपोआप बाहेर सरकत येतो. आपण मात्र काडी घालतो, किल्ली घालतो, केसांचा आकडा घालतो. मळ बाहेर येत नाही, उलट आत ठासला जातो. एखादे वेळी कोणाचा धक्का लागतो, आणि पडदा फाटतो.

आणि लहान मुलांचे कान सर्दीत का वाहतात? कानाच्या आतून घशाकडे एक नळी जाते. मोठ्या माणसात ती उतरती असते. लहान मुलात आखूड आणि बरीचशी आडवी असते. त्यामुळे घशातले जंतू सहज कानात चढतात. आत पू साचतो आणि पडदा फोडून बाहेर येतो. अशा कानात तेल घालणे म्हणजे जखमेवर तेल ओतणे. कान कोरडा ठेवावा आणि दवाखाना गाठावा.

दुसरा राखणदार : तोल

तोल सांभाळणारे यंत्रही कानातच आहे, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल.

मंगळागौरीला बायका फुगडी घालतात. फुगडी थांबते, पण घर फिरतच राहते. असे का? शंखाच्या शेजारीच तीन बारीक नळ्या आहेत. कडीसारख्या वाकलेल्या. त्यांतही पाणी असते. तिन्हींची तोंडे तीन दिशांना. मान होकाराला हलवली की एकीतले पाणी हलते. नकाराला हलवली की दुसरीतले. मान खांद्यावर टाकली की तिसरीतले. पाणी हलले की केस वाकतात आणि मेंदूला निरोप जातो.

घमेल्यात पाणी घ्या. वर झाडाचे एक पान सोडा. घमेले गर्रकन फिरवा. पान लगेच फिरत नाही, मागे राहते. थोडा वेळ फिरवत राहा. पानही फिरू लागते. आता घमेले एकदम थांबवा. पान फिरतच राहते! फुगडीनंतर कानात हेच होते. आपण थांबलो, पण आतले पाणी थांबले नाही. मेंदू समजतो, अजून आपण फिरतोच आहोत.

तोल सांभाळायला डोळे आणि पायही मदत करतात. एका पायावर उभे राहा. जमेल. आता डोळे मिटा. लगेच डगमगाल. म्हणून म्हाताऱ्या माणसांनी रात्री अंधारात उठू नये. दिवा लावावा, मग पाय टाकावा.

कान आणि चक्कर यांचा संबंध कसा कळला, त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना नावाचे शहर आहे. तिथे रॉबर्ट बारानी नावाचे डॉक्टर होते. ते पिचकारीने रोग्यांचे कान धूत. पुष्कळांना चक्कर येई. एका रोग्याने तक्रार केली, "डॉक्टर, पाणी गार असलं की मला भोवळ येते." डॉक्टरांनी पुढच्या खेपेला चांगले गरम पाणी घेतले. रोग्याला पुन्हा चक्कर! पण डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांकडे पाहिले. गार पाण्याच्या वेळी बुबुळे ज्या बाजूला झटके देत होती, आता त्याच्या उलट बाजूला देत होती. डॉक्टरांच्या ध्यानात आले. गरम झालेले पाणी वर चढते, गार झालेले खाली बसते. कानातल्या नळीतले पाणी तसेच हलत असले पाहिजे!

या शोधाबद्दल त्यांना 1914 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते, आणि बारानी रशियाच्या कैदेत होते. स्वीडनच्या राजपुत्राने खटपट केली, तेव्हा 1916 साली त्यांची सुटका झाली. एवढा मोठा शोध कशातून लागला? रोग्याच्या साध्या तक्रारीतून. डॉक्टरांनी ती उडवून लावली नाही, एवढेच.

आपल्याकडे काय होते? बाई कुशीवर वळली की तिला खोली फिरल्यासारखी वाटते. ती घाबरून ओरडते. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा आहे. लिंबू उतरवतात. पुष्कळदा बाधा वगैरे काही नसते. तोलाच्या यंत्रात चुनखडीचे बारीक कण असतात. वर कुठे, खाली कुठे, हे त्यांच्या भारामुळे कळते. त्यांतले काही कण सुटून नळीत शिरतात आणि भोवळ येते. जाणता डॉक्टर रोग्याला निजवून मान ठरावीक रीतीने फिरवतो आणि कण परत जागेवर नेतो. बहुतेकांना एक-दोनदा असे केले की बरे वाटते. याला सुई नाही, गोळी नाही, उतारा नाही.

मात्र चक्करेबरोबर जीभ जड झाली, तोंड वाकडे झाले, किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर एक घटकाही दवडू नये. तो पक्षाघात असू शकतो. तडक मोठ्या दवाखान्यात न्यावे.

तिसरा राखणदार : वास

मृगाचा पहिला पाऊस पडतो आणि मातीचा वास सुटतो. आपण म्हणतो, "आला बाबा!" तो वास मातीतल्या बारीक जंतूंनी केलेल्या पदार्थाचा असतो. हवेत त्याचा नुसता अंश असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो.

वास घेणारी जागा नाकाच्या छताशी, वर डोळ्यांच्या पातळीवर असते. नखाएवढा एक ओलसर पट्टा. वासाचे कण श्वासाबरोबर तिथे चढतात आणि ओलाव्यात विरघळतात. वास ओळखणारी कुलुपे तिथे असतात. त्यांच्या जाती सुमारे 400. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या दोघांनी 1991 साली ही कुलुपे शोधली. त्यांना 2004 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तुम्ही विचाराल, कुलुपे 400 आणि वास तर हजारो, हे कसे? तुम्ही अक्षरे शिकलात. क आणि म जोडले की कम. म आणि क जोडले की मक. थोड्या अक्षरांतून हजारो शब्द होतात. तसेच हे आहे. एकेक वास अनेक कुलुपे उघडतो. कोणती कुलुपे उघडली, ते मेंदू वाचतो आणि म्हणतो, "हा मोगरा. हे दूध करपले."

पण या राखणदाराची एक खोड आहे. तो लवकर कंटाळतो. गोठ्यात शिरताना वास येतो, घटकाभराने येत नाही. म्हणून स्वयंपाकाच्या गॅसचा वास आला की तेव्हाच उठा. "आता येत नाही, गेला असेल," असे म्हणू नका. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वासाचा पदार्थ मिसळतात. वास येताच सिलिंडर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, काडी पेटवू नका, दिव्याचे बटण दाबू नका.

याहून वाईट गोष्ट गोबरगॅसच्या टाकीची आणि संडासाच्या खड्ड्याची. तिथे एक विषारी वायू साचतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की तो नाकालाच बधिर करतो. माणसाला वाटते, वास गेला, आता उतरायला हरकत नाही. तो उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो. तोही कोसळतो. अशी एकेका घरची दोन-दोन, तीन-तीन माणसे गेली आहेत. म्हणून अशा खड्ड्यात कोणीही उतरू नये. आत कोणी पडला, तरी मागोमाग उडी घेऊ नये. अग्निशमन दलाला बोलवावे.

आणि थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वासच नसतो. तिथे हा राखणदार आंधळा आहे.

चौथा राखणदार : चव

2020 साली करोनाची साथ आली. अनेकांनी सांगितले, "जेवणाला चवच लागत नाही." खरे तर पुष्कळांची जीभ शाबूत होती. गेला होता तो वास.

पटत नाही? मग डोळे मिटा, नाक चिमटीत धरा आणि कोणाला तरी जिभेवर बडीशेप ठेवायला सांगा. चावा. थोडे गोडसर लागेल, पण काय आहे ते कळणार नाही. आता नाक सोडा. लगेच ओळखाल! चावलेल्या घासाचा वास घशामागून नाकात चढतो. आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा वाटा नाकाचा असतो.

मग जीभ स्वतः काय ओळखते? गोड, आंबट, खारट आणि कडू. पाचवी एक चव आहे. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी 1908 साली समुद्रातल्या शेवाळाच्या रश्श्यात ती शोधली आणि तिला उमामी हे नाव दिले. पिकलेले टोमॅटो आणि सुकी मासळी यांना जो भरीव स्वाद असतो, तो या चवीचा. आईच्या दुधातही ती असते. जुन्या पुस्तकांत लिहीत की गोड जिभेच्या शेंड्याला कळते आणि कडू मुळाशी. ते खरे नाही. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

आपण षड्रस म्हणतो. त्यांत तिखटही आहे. पण तिखट ही चव नव्हे, ती आग आहे. मिरच्या खुडल्या आणि तोच हात डोळ्याला लागला, तर काय होते? डोळ्याला चव कळत नाही, पण आग कळते. भाजल्याची खबर देणाऱ्या शिरांनाच मिरची जागे करते. ही आग पाण्याने जात नाही, कारण मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही. ठेचा झोंबला तर दूध किंवा दही घ्यावे.

कडू चव का दिली आहे? विष अडवायला. रानातली पुष्कळ विषे कडू असतात. तान्ह्या मुलाच्या जिभेवर गोड ठेवले तर ते चोखते, कडू लागले तर तोंड वाकडे करते. कोणी शिकवलेले नसते. हे शहाणपण आपण मोठेपणी विसरतो. दुधी भोपळा कडू निघाला, तरी "औषधी आहे" म्हणून काहीजण त्याचा रस पितात. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावली आहेत. शिजवल्याने ते विष जात नाही. कारल्याची गोष्ट वेगळी, ते जात्याच कडू. पण दुधी चिरताना एक फोड चाखावी. कडू लागली तर थुंकावी आणि भोपळा उकिरड्यावर टाकावा. गुरांनाही घालू नये.

आता त्या पोराचे

आजींना आम्ही पुष्कळ समजावले. त्या म्हणाल्या, "एवढ्याशा कानासाठी तालुक्याला? मजुरी बुडल की!" शेवटी वर्गातल्या दोघी बाया त्यांच्याबरोबर निघाल्या, तेव्हा त्या तयार झाल्या. डॉक्टरांनी दिवा लावून पाहिले. दोन्ही पडद्यांना भोके पडली होती. शंख मात्र शाबूत होता. डॉक्टर म्हणाले, "आणखी काही वर्षं गेली असती, तर आतलंही सडलं असतं." आधी औषध घालून कान कोरडे केले. मग काही महिन्यांनी जिल्ह्याच्या दवाखान्यात एका कानाला नवा पडदा बसवला. तो पोराच्याच कानामागच्या पातळ आवरणाचा केला होता.

महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही त्या घरी गेलो. आजी चुलीपाशी होत्या. पोर शेजारी बसले होते. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर टाकली, ती टम्म फुगली आणि कडेने सूं करून वाफ निघाली. पोर म्हणाले, "आजे, भाकरी बोलती!"

आजींनी पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, "आन् मी ह्याला हट्टी म्हणून मारलं वो."

मंडळी, आजींचा दोष नव्हता. त्यांना कोणी सांगितले नव्हते. आता तुम्हांला सांगितले आहे. घरी गेल्यावर आज एक काम करा. आपल्या पोरांच्या मागे उभे राहा आणि हळू आवाजात हाक मारा. तान्हे मूल असेल तर त्याला दिसणार नाही असे उभे राहून टाळी वाजवा. ते दचकते का, वळते का, ते पाहा. शंका आली तर दवाखान्यात न्या. मूल ऐकते म्हणून बोलायला शिकते. ज्याला ऐकू येत नाही, ते मुके राहते. त्याची जीभ धड असते. पहिल्या काही महिन्यांतच कळले, तर यंत्र लावून पुष्कळ करता येते. उशीर झाला तर कठीण होते.

घरात कोणी म्हणाले, "ऐकू येत नाही," "घर फिरतंय," "वास येत नाही," "कडू लागतंय," तर हसू नका, रागावू नका. राखणदार हाक देतो आहे. ती आधी ऐका.